फूटपट्टी लपलीय बोरूच्या टोकात!

शेकडो पानं हाताने लिहायची आणि पहिल्या पानावरचं अक्षर नि शेवटच्या पानावरचं अक्षर अगदी एकाच मापाचं ठेवायचं. जमेल? इराणमधल्या कातिबांना जमायचं. कातिब म्हणजे पोथ्या लिहून काढणारा. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी तब्रीझ शहरात राजा शाह तहमास्पसाठी ‘शाहनामा’ या महाकाव्याची एक प्रत तयार झाली. तिच्यात ७५९ पानं आणि २५८ चित्रं होती!

मग अक्षरं मोजायची कशाने? ठिपक्याने!

कातिबाची लेखणी म्हणजे बोरू. त्याचं टोक तिरपं छाटायचं. शाईत बुडवून ते कागदावर टेकवलं आणि जरासं ओढलं, की शंकरपाळ्यासारखा चौकोनी ठिपका उमटतो. हेच माप. नस्तालीक नावाच्या डौलदार लिपीत ‘अलिफ’ हे उभं अक्षर तीन ठिपक्यांएवढं उंच. बोरू जाड घेतला तर ठिपका मोठा आणि अलिफही मोठा, पण प्रमाण तेच! गंमत म्हणजे हाच ठिपका अक्षरांची ओळखही पटवतो. ‘बे’च्या पोटाखाली एक ठिपका, ‘ते’च्या डोक्यावर दोन.

आता शाई बघा. दिव्याची काजळी, डिंक आणि पाणी. काजळी म्हणजे कार्बन. तो पाण्यात विरघळत नाही, नुसता तळाशी बसतो. डिंक त्याचे कण पाण्यात तरंगत ठेवतो आणि कागदाला चिकटवतो. कार्बन उजेडाने फिका पडत नाही, म्हणून ती अक्षरं आजही काळीभोर दिसतात. दौतीत रेशमाच्या धाग्यांचा बोळा ठेवायचे. तो शाई पिऊन बसायचा आणि बोरूला हवी तेवढीच द्यायचा.

कागदाचेही लाड कमी नव्हते. साधा कागद शाई शोषतो आणि अक्षर फुटतं. म्हणून आधी त्याला खळ लावायची, वाळवायचं आणि अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटघोट घोटायचं. मग शाई वरच राहते आणि बोरू सर्रकन सरकतो. ओळींसाठी पेन्सिल नाहीच! पुठ्ठ्यावर दोरे ताणून बसवायचे, त्यावर कागद ठेवून बोट फिरवायचं, की ओळींचे वळ उठायचे.

आणि एवढ्या कष्टाने लिहायचं काय? तर गोष्टी! फिर्दौसी कवीने १०१० साली पूर्ण केलेल्या शाहनामात झाल नावाचा मुलगा आहे. जन्मतःच त्याचे केस पांढरेशुभ्र, म्हणून बाप साम त्याला डोंगरात टाकून देतो. सीमुर्ग नावाचा प्रचंड पक्षी त्याला आपल्या घरट्यात वाढवतो. पुढे झाल माणसांत परततो, तेव्हा सीमुर्ग त्याला पीस देऊन सांगतो, संकट आलं की हे जाळ, मी येईन. मला विचाराल तर साऱ्या शाहनामात ही गोष्ट सर्वांत मायाळू आहे.

पोथी राजवाड्यात राहायची, पण गोष्टी कहवाखान्यांत पोचल्या. तिथे नक्काल, म्हणजे गोष्टी रंगवून सांगणारा, हातात काठी घेऊन एकटाच राजा, राक्षस, घोडा सगळं व्हायचा. ही कला आता जपायला हवी, म्हणून युनेस्कोने २०११ साली तिला आपल्या यादीत घेतलं.

आपल्याकडेही मोडी लिपी बोरूनेच लिहीत. तुम्हीही करून बघा. मोठ्या माणसाकडून बोरूचं टोक तिरपं छाटून घ्या, एकाखाली एक तीन ठिपके काढा आणि शेजारी तेवढीच उंच रेघ ओढा. झाला तुमचा पहिला अलिफ!