कोयत्याला पाणी द्यायचं की नवाच घ्यायचा?
२०११ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेच्या हातात बांबूचा वाहतूक परवाना आला. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू प्रशिक्षण केंद्रही उभं राहिलं. बांबूकामात उतरलेल्या बचत गटांपुढे एक प्रश्न हमखास येतो: कोयता चालेना, नवा घ्यायचा का?

थांबा. बांबूच्या सालीत सिलिका असते, म्हणून चांगली धारही लवकर जाते. आधी तपासा:

१. नुसता बोथट झालाय? दगडावर घासा.
२. धार लावली की लगेच दुमडते? पाणी उतरलंय. लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घ्या.
३. पात्याला तडा गेलाय, किंवा झिजून पातं अरुंद झालंय? मग नवाच घ्या.

ग्राइंडरवर धार निळी पडू देऊ नका, तिथलं पाणी गेलंच समजा.

आता हिशोब. समजा नवा ४०० रुपयांना, पाणी देणं ८० ला. दुरुस्त कोयता नव्याच्या पाचव्या हिश्शाहून जास्त टिकला, तर फायदा तुमचा. पण लोहाराकडे जाण्यात बुडालेली मजुरीही धरा. म्हणून गटाचे सगळे कोयते एकदमच, बाजाराच्या दिवशी न्या.