खेळांतला लोहार व माकणीचा लोहार

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमचें कांहीं दिवस धाराशिव जिल्ह्यांतील माकणी येथें राहणें झालें. हें गांव लोहारा तालुक्यांत तेरणा नदीच्या कांठीं आहे, आणि निम्न तेरणा प्रकल्पाचें धरण येथेंच असल्यामुळें या बाजूच्या लोकांस त्याचें नांव परिचित आहे. दुपारच्या वेळीं घराबाहेर पडण्याची सोय नसे. अशा वेळीं आमचा भाचा ओट्यावरच्या सावलींत मोबाइल घेऊन बसे व तासच्या तास त्यांत मग्न असे. प्रथम आम्हांस त्याचा राग आला, हें कबूल केलें पाहिजे. परंतु एके दिवशीं तो आपण होऊनच म्हणाला, "मामा, आज मी लोखंड गाळलं." हे शब्द ऐकून आमचें कुतूहल जागें झालें, आणि हा मुलगा कोणतें लोखंड गाळतो हें पाहण्यासाठीं आम्ही त्याच्या शेजारीं बसलों.

या खेळाचें नांव माइनक्राफ्ट. तो स्वीडन देशांत निर्माण झाला. २००९ सालीं प्रथम लोकांपुढें आला व २०११ सालीं पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध झाला. त्याच्या ज्या प्रकाराविषयीं आम्ही लिहीत आहों त्यांत खेळणारा रिकाम्या हातांनीं एका अनोळखी प्रदेशांत येऊन पडतो. त्याला भूक लागते, रात्रीं भुतेंखेतें अंगावर येतात, आणि या सर्वांतून जगून राहणें हाच खेळ. ज्या टापूनें ३० सप्टेंबर १९९३ ची पहांट पाहिली, ज्यांत किल्लारी, सास्तूर यांसारखीं गांवें भूकंपानें कोसळलीं, तेथील म्हाताऱ्या माणसांस जगून राहणें हा खेळाचा विषय कसा होतो हें समजत नाहीं. परंतु भाच्याचा जन्म त्यानंतरचा.

खेळणारा आधीं लाकडाचीं हत्यारें करितो, मग दगडाचीं. दगडी टिकाव हातीं आला म्हणजे त्याला लोखंडाचा धोंडा फोडतां येतो. दगडाचे ८ ठोकळे रचले कीं भट्टी होते. भट्टींत वर कच्चें लोखंड व खालीं कोळसा ठेवावयाचा. १० सेकंदांनीं लोखंडाची एक लगड बाहेर येते. कोळशाच्या एका खड्यावर अशा ८ लगडी निघतात. ३ लगडी व २ काठ्या मिळून लोखंडी टिकाव होतो. २ लगडी व २ काठ्या मिळून माती उकरण्याचें हत्यार होतें. टिकावाचें आयुष्यहि मोजलेलें असतें. २५० घाव घातले कीं तो नाहींसा होतो. तुकडासुद्धां मागें राहत नाहीं. ऐरण पाहिजे असेल तर ३१ लगडी खर्चीं घालाव्या लागतात.

या क्रमांत खरें पुष्कळ आहे, आणि तें आम्ही मोकळेपणानें मान्य करितों. कच्चें लोखंड म्हणजे लोखंड व प्राणवायु यांचा संयोग. कोळसा कोंडलेल्या हवेंत जळतांना जो वायु निघतो तो हा प्राणवायु आपल्याकडे ओढून घेतो व लोखंड मोकळें होतें. कोळसा नुसता जळण नव्हे, तो लोखंड सोडविणाराहि आहे, ही गोष्ट आमच्या भाच्यास पुस्तकांतून जी कळली नव्हती ती या निमित्तानें कळली. मात्र आम्हीं एक हिशेब करून पाहिला. त्या जगांतील प्रत्येक ठोकळा एक मीटर लांब, रुंद व उंच धरितात, आणि लोखंडाचा एक ठोकळा ९ लगडींचा होतो. खऱ्या लोखंडाचा एवढा ठोकळा सुमारें ७,८७० किलो भरेल. म्हणजे एक लगड झाली पावणेनऊशें किलोंची, आणि टिकाव अडीच टनांहून जड! भाचा यावर पुष्कळ हंसला, व लगेच पुढचा टिकाव करूं लागला.

खेळांत जमीन खणीत गेलें कीं लोखंडाचे धोंडे सांपडतात. माकणींत खणलें तर काय सांपडेल? वर काळी माती, तिच्याखालीं मुरूम, आणि मुरुमाखालीं काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहून थिजलेला लाव्हारस होय. त्यांत लोखंड मुळींच नाहीं असें नाहीं. वजनाच्या मानानें शेकडा दहाच्या आसपास तें असतें. पण इतर द्रव्यांशीं तें असें जखडलेलें आहे कीं गांवच्या भट्टींत तें सुटत नाहीं. त्यामुळें ज्या शेतकऱ्याच्या पायाखालीं असल्या दगडाचे थरावर थर पडले आहेत, त्याला फाळापुरतेंहि लोखंड बाहेरूनच आणावें लागलें.

लोखंड खरोखर कसें गाळीत असत हें पाहावयाचें तर तेरणेच्या प्रवाहाबरोबर खालीं गेलें पाहिजे. तेरणा मांजरेला मिळते, आणि मांजरा पूर्वेकडे बरीच दूर जाऊन निजामाबाद जिल्ह्यांत गोदावरीला मिळते. त्या जिल्ह्यांत कोनासमुद्रम् नांवाचें खेडें आहे. माकणी आणि कोनासमुद्रम् हीं दोन्ही गांवें १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतीं. कोनासमुद्रमचें पोलाद तलवारींसाठीं नांवाजलेलें असून तें विकत घेण्यास इराणांतील व्यापारी येत. व्हॉयसे नांवाच्या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञानें तेथील कृति पाहून लिहून ठेविली व ती १८३२ सालीं कलकत्त्यास छापून निघाली. लोखंड मातीच्या मुशींत बंद करून, भाते अखंड चालवून, दिवसरात्र आंच देत; आणि मुशीं फोडून निघालेल्या वड्या पुन्हां पुन्हां तापवून हळूहळू निवूं देत. खेळांतील दहा सेकंदांचें मूळ असें आहे. याच जातीच्या भारतीय पोलादाचें पृथक्करण १८१९ सालीं मायकेल फॅरडे यानें लंडनमध्यें केलें. विजेच्या शोधांमुळें आपल्या क्रमिक पुस्तकांत ज्याचें नांव येतें तोच हा फॅरडे, आणि त्याचा बाप लोहार होता.

आज माकणीच्या लोहाराकडे लोखंड येतें तें भंगारांतून. ट्रकच्या चाकांवर वजन तोलण्यासाठीं जे कमानपाटे असतात, ते मोडले कीं त्यांचे तुकडे त्याच्या दुकानांत येतात व विळे, खुरपीं, कोयते होऊन बाहेर पडतात. ही निवड आंधळी नाहीं. कमानपाट्याच्या पोलादांत शेकडा अर्ध्याच्या किंचित् वर कर्ब असतो. एवढ्याशा कर्बामुळें त्याला पाणी चढतें. साध्या गजाच्या लोखंडाला तें चढत नाहीं. आमच्या बहिणीनें तालुक्याच्या बाजारांतून आणलेलें चकचकीत खुरपें पहिल्याच दिवशीं हरळीच्या मुळांत वांकलें होतें. तें गजाचेंच असावें. तेव्हां नवें करवून घ्यावें म्हणून एके संध्याकाळीं आम्ही भाच्याला बरोबर घेऊन लोहाराकडे गेलों.

दुकान म्हणजे लिंबाच्या झाडाखालीं चार पत्रे. चामड्याचा भाता गेला असून हातानें फिरवावयाचा पंखा आला आहे. बाकी ऐरण, घण, सांडशी, छिन्नी, कानस व पाण्याची दगडी डोण हीं सर्व पूर्वींचींच. दुकान सावलींत असण्याचें कारण भाच्यानें विचारलें, तेव्हां आम्हीं ऊन हें सांगितलें, आणि लोहारानें आमची चूक दुरुस्त केली. उन्हांत लोखंडाचा रंग दिसत नाहीं. त्याच्यापाशीं उष्णता मोजण्याचें दुसरें साधन नाहीं. रंग हाच त्याचा थर्मामीटर. काळपट लाल झालेल्या लोखंडावर घाव घातला तर चीर पडते. नारिंगी व पिवळें झालें कीं तें मेणासारखें वळतें. पांढरें होऊन ठिणग्या फुटूं लागल्या तर तें जळूं लागलें असें समजावें.

घण लोहाराची बायको मारीत होती. खेळांत एकटाच मनुष्य सर्व करितो. येथें एकट्याचें काम चालत नाहीं. लोहार डाव्या हातीं सांडशींत लोखंड धरितो व उजव्या हातानें लहान हातोडा मारितो. तो घाव फार करून आकार देण्यासाठीं नसतो. पुढचा घण कोठें पडावा हें तो दाखवितो. हातोडा ऐरणीवर आडवा वाजला कीं घण थांबतो. दोघें एक शब्द बोलत नव्हतीं. गाडीवर बिऱ्हाड घेऊन गांवोगांव फिरणाऱ्या घिसाड्यांच्या बायकांस घण मारतांना आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. रस्त्यानें जाणारे त्याचें नवल करितात. पण त्या घावांमागें जो ताल आहे तो कितीजणांच्या ध्यानांत येतो?

या दुकानांत एके काळीं बैलगाडीच्या चाकांस धांवा चढवीत. पांच फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारें १८८ इंच. लोखंडाची धांव त्याहून जरा आंखूड करून गोवऱ्यांच्या आगींत तापवीत. पांचशें अंश तापली कीं ती सुमारें सव्वा इंच वाढे; मग चौघांनीं उचलून चाकावर बसवावयाची आणि लगेच पाणी ओतावयाचें. धांव आकसून सारें चाक करकचून आवळी. आतां गाड्यांस रबराचीं चाकें आलीं. लोहार हें सांगतांना हळहळला नाहीं. धांवेनें हात फार भाजत, एवढेंच म्हणाला.

खुरप्याचा आकार पाव तासांत झाला. त्यापुढें जें झालें त्यासाठींच आम्ही हा लेख लिहावयास घेतला. हत्यार घडलें म्हणजे झालें असें खेळ मानतो. लोहाराच्या लेखीं तें अजून हत्यार झालेलेंच नसतें. त्याला पाणी द्यावयाचें असतें. खुरप्याची धार डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल होईपर्यंत तापवून तेवढीच धार त्यानें पाण्यांत बुडविली. एकदम निवाल्यामुळें पोलादांतील कर्ब आंत अडकून पडतो व धार कांचेसारखी कठीण होते. पण कांचेसारखीच ठिसूळहि. म्हणून पाठ अजून तापलेली असतांना त्यानें खुरपें बाहेर काढलें, विटेच्या तुकड्यानें धार घासून चकचकीत केली व पाहत राहिला. पाठींतली ऊब धारेकडे सरकूं लागली तसे त्या चकाकीवर रंग चढूं लागले: प्रथम कडब्यासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबवितात, कुऱ्हाडीला जांभळ्यावर, कमानीला निळ्यावर. पिवळ्याच्या वेळीं हत्याराची उष्णता सव्वादोनशें अंशांच्या जवळपास असते व निळ्याच्या वेळीं तीनशेंच्या. आणि हें सर्व अंतर बोलतां बोलतां सरून जातें. जांभळा धारेशीं आला मात्र, खुरपें पुन्हां पाण्यांत गेलें. खेळांत लगडी मोजतात. येथें जें मोजावयाचें तें डोळ्यांनीं, आणि तेंहि सरकत असतांना.

भाच्यानें हट्ट धरला कीं दुसरें खुरपें मी करणार. लोहार हो म्हणाला. आकार त्याचाच, फक्त तापविणें व पाणी देणें मुलाकडे. मुलानें पंखा जोरानें फिरविला. लोखंड लाल झालें, नारिंगी झालें, तरी तो फिरवीतच होता. "बास कर लेकरा," बाई म्हणाली. पण त्याला वाटलें, जास्त तापलें तर जास्त कठीण होईल. मग त्यानें तें अख्खें खुरपें डोणींत टाकलें. आंतून 'टण्' असा बारीक आवाज झाला. बाहेर काढलें तों धारेपासून निम्म्यापर्यंत केसासारखी चीर गेली होती.

मुलाचा चेहरा उतरला. त्या खेळांत त्यानें कितीतरी हत्यारें मोडलीं असतील, परंतु असा उतरलेला चेहरा आम्हीं ओट्यावर कधीं पाहिला नव्हता. "लोखंड वाया गेलं काय?" त्यानें विचारलें.

"लोखंड कुटं जातंय?" लोहार म्हणाला. त्यानें तो तुकडा पुन्हां आगींत घातला, लाल झाल्यावर छिन्नीनें चिरेचा भाग तोडून भंगाराच्या ढिगावर टाकला, आणि उरलेल्या तुकड्याचें तुळशीपाशीं चालेल असें लहानसें खुरपें केलें. या वेळीं पाणी देतांना त्यानें मुलाला शेजारीं उभें केलें व रंग येईल तेव्हां सांगावयास लाविलें. मुलगा डोळ्याची पापणी लववीत नव्हता. "आता," तो म्हणाला. लोहारानें क्षणभर थांबून मग खुरपें बुडविलें, त्यावरून मुलाची घाई अजून थोडी उरली असावी. पैसे त्यानें एका खुरप्याचेच घेतले.

निघतांना त्यानें मुलाला विचारलें, तुझ्या खेळांत एवढ्याला लोखंड किती लागतं? खुरपें त्या खेळांत नाहीं. माती उकरण्याचें हत्यार आहे, त्याला दोन लगडी लागतात, असें भाच्यानें सांगितलें, आणि आमचा हिशेबहि सांगितला: पावणेदोन टन. लोहारानें तें लहान खुरपें तळहातावर तोलून पाहिलें.

"एवढ्यात समद्या माकणीची खुरपी व्हतील," तो म्हणाला, "आन् उरल बी." मग त्यानें पंख्याचा दांडा सोडला व कोळशावर पाणी शिंपडलें.