पाठांतर आणि उपजीविका

तापी व गोमाई यांच्या संगमावर वसलेलें प्रकाशा हें गांव दक्षिण काशी म्हणून प्रसिद्ध आहे. तेथून अंकलेश्वरकडील रस्त्यानें तळोद्यावरून पुढें गेलें म्हणजे अक्कलकुवा हें गांव लागतें. येथें मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनीं १९७९ सालीं जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम ही संस्था स्थापिली. उपासनेस वाहून घेतलेल्या मुसलमानानें संसारोपयोगी विद्येस किती वेळ द्यावा, या जुन्या प्रश्नाचें एक उत्तर तेथें पाहावयास मिळतें.

प्रश्न बिकट होतो तो कुराणाच्या पाठांतरामुळें. ११४ अध्याय, सहा हजारांहून अधिक आयती, हें सर्व तोंडपाठ करणाऱ्यास हाफिज म्हणतात. नवा पाठ पहाटे ताज्या मनानें घोकावयाचा, आदल्या दिवसांचा म्हणून दाखवावयाचा, मागील पारे रोज फिरवावयाचे. फिरविणें चुकलें कीं पाठ निसटलाच. यांत बाळपणाचीं दोन-तीन वर्षें, कधीं अधिकही, खर्ची पडतात. आणि गणित व भाषा शिकण्याचीं वर्षेंही तींच! हें नुकसान लहान नव्हे, तें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

वस्तानवींनीं मदरशाच्या जोडीस त्याच गांवीं शाळा, औद्योगिक प्रशिक्षण, औषधनिर्माणशास्त्र व अभियांत्रिकी यांचें शिक्षण आणलें. पुढें जालना जिल्ह्यांत बदनापूरजवळ वैद्यकीय महाविद्यालयही निघालें. ते स्वतः ४ मे २०२५ रोजीं निवर्तले.

या योजनेंत धर्माशीं विसंगत असें कांहीं नाहीं. शुक्रवारच्या नमाजाची हांक येतांच व्यापार थांबवावा व नमाज आटोपल्यावर पांगून उपजीविकेस लागावें, अशी कुराणाच्या ६२ व्या अध्यायांत आज्ञा आहे. यहुद्यांच्या शब्बाथसारखा कामबंदीचा पूर्ण दिवस इस्लामांत नाहीं. (मालेगांवचे माग शुक्रवारीं बंद असतात, ती रूढि आहे.) नमाजाच्या वेळा सूर्यावर ठरतात, पण प्रत्येक नमाजास कांहीं अवधि असतो, त्यामुळें यंत्रावरील काम अर्धवट टाकून धांवावें लागत नाहीं. प्रवाशास चार रकातींच्या जागीं दोन पुरतात. आजाऱ्यानें नमाज बसून पढावा, चुकलेले रोजे पुढें भरून काढावे. मात्र जमातीच्या नमाजाची घटिका ठरलेली असते. तेथें भोंगा आणि अजान यांचा मेळ घालावाच लागतो.

रमजान तर दरसाल सुमारें अकरा दिवस आधीं येतो. तो उन्हाळ्यांत आला म्हणजे तापीकांठच्या मजुराची कठीण कसोटी लागते. दुकान वा दवाखाना चालविणारा हाफिज त्यापूर्वींच कांहीं आठवडे पारे फिरवूं लागतो. कारण रात्रींच्या तरावीहमध्यें त्याच्या मागें दुसरा हाफिज उभा असतो, आणि शब्द चुकला कीं तो तेथल्या तेथें सुधारतो.