छातीवरचा बूट आणि गोलरेषेवरचे हात

२०१० साली दक्षिण आफ्रिकेत विश्वचषक फुटबॉल स्पर्धा झाली, तेव्हा तिथले रात्रीचे सामने आपल्याकडे बरोबर मध्यरात्री सुरू होत. त्या महिनाभरात कितीतरी घरांची झोप उडाली होती. शाळकरी मुले दहा वाजता झोपल्याचे सोंग करीत आणि बाराच्या ठोक्याला दिवाणखान्यात हजर होत. आजोबांना तशीही झोप नसे. घरातल्या बाईला फुटबॉलमध्ये रस असो वा नसो, दोन वाजता चहा टाकायला तिलाच उठावे लागे आणि चहा उकळेपर्यंत तीही पडद्यासमोर उभी राही. अशा उभ्या उभ्या पाहणाऱ्या माणसाला कधी कधी जे दिसते, ते सोफ्यावर बसलेल्या जाणकारांना दिसत नाही.

२ जुलैला जोहान्सबर्गच्या सॉकर सिटी मैदानावर घाना आणि उरुग्वे यांची उपान्त्यपूर्व लढत होती. तोवर आफ्रिकेतला एकही देश विश्वचषकाच्या उपान्त्य फेरीत गेलेला नव्हता आणि ही स्पर्धाच प्रथम आफ्रिकेच्या भूमीवर होत होती. मैदानावरचे ८४ हजार प्रेक्षक बहुतेक सगळे घानाचे झाले होते. निर्धारित वेळेत १-१ अशी बरोबरी, जादा वेळही संपलेला, पंचाच्या ओठावर शिट्टी. तेवढ्यात घानाची एक फ्री किक उरुग्वेच्या गोलसमोर येऊन पडली आणि एकच झुंबड उडाली. पहिला फटका गोलरेषेवर उभ्या असलेल्या लुईस सुआरेझच्या पायाला लागून परतला. पुढच्याच क्षणी घानाच्या डॉमिनिक अदियाने डोक्याने चेंडू मारला. तो जाळ्यात जाणार यात शंकाच नव्हती. सुआरेझने दोन्ही हात वर केले आणि व्हॉलीबॉलमध्ये ढकलावा तसा तो चेंडू बाहेर ढकलून दिला.

पंचाने लाल कार्ड दाखवले. घानाला पेनल्टी मिळाली. सुआरेझ जर्सीत तोंड खुपसून रडत बाहेर निघाला. असामोआ ग्यानने पेनल्टी मारली, ती आडव्या दांड्याला लागून वर गेली, आणि बोगद्याच्या तोंडाशी थबकलेला सुआरेझ लहान मुलासारखा नाचू लागला. पुढे टायब्रेकरमध्ये उरुग्वेने ४-२ असा विजय मिळवला.

नऊ दिवसांनी त्याच मैदानावर हॉलंड आणि स्पेन यांचा अंतिम सामना झाला. अर्धा तासही झाला नसेल, हवेतल्या चेंडूसाठी स्पेनचा झाबी अलोन्सो पुढे सरसावला आणि हॉलंडच्या नायजेल डी याँगचा पाय उंच उठला. बुटाचा तळ सरळ अलोन्सोच्या छातीवर बसला. अलोन्सो कोसळला. इंग्लंडचे पंच हॉवर्ड वेब यांनी खिशात हात घातला आणि कार्ड काढले, ते पिवळे. डी याँग खेळत राहिला.

आता चहाचा कप हातात घेऊन उभी असलेली ती बाई विचारते, "अहो, त्या दिवशी ज्याने कोणाला बोटही लावले नाही त्याला हाकलले, आणि याने छातीत लाथ घातली तरी हा खेळतोय?" सोफ्यावरचे जाणकार हसतात आणि नियम समजावू लागतात. पण प्रश्न हसण्यासारखा नाही. फुटबॉलचे शौकीन लाल कार्डावरून जे भांडत आले आहेत, ते याच एका प्रश्नावरून.

वेब यांच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे, की त्यांच्या आणि त्या बुटाच्या मध्ये दुसरा खेळाडू आला होता. मध्यंतरात चित्रण पाहताच आपली चूक त्यांना कळली, आणि ते लाल कार्डच होते असे त्यांनी पुढे उघडपणे कबूल केले. म्हणजे नियमाप्रमाणे दोघेही बाहेर जायला हवे होते. तरीही मूळ प्रश्न उरतोच. माणसाच्या छातीवर बूट ठेवणे आणि चेंडू हाताने अडवणे या दोन गुन्ह्यांना एकच शिक्षा कशी?

कार्डांचा जन्म तसा गंमतीदार आहे. १९६६ च्या विश्वचषकात वेम्ब्लीवर इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्या सामन्यात जर्मन पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रातिन याला बाहेर काढले. पंचाला स्पॅनिश येत नव्हते, रातिनला जर्मन येत नव्हते, आणि तो काही केल्या मैदान सोडीना. स्पर्धेतल्या पंचांची व्यवस्था पाहणारे इंग्लंडचे केन ॲस्टन त्यानंतर लंडनमध्ये मोटार चालवीत असता सिग्नलपाशी थांबले आणि पिवळ्या व लाल दिव्यांवरून त्यांना कार्डांची कल्पना सुचली. १९७० च्या मेक्सिको स्पर्धेत कार्डे प्रथम आली, पण त्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघाले नाही. ते प्रथम पाहण्याचा मान १९७४ मध्ये चिलीच्या कार्लोस कासेलीला मिळाला.

त्या काळात लाल कार्ड म्हणजे मारामारी, दांडगाई, शिवीगाळ यांची शिक्षा. लबाडीला लाल कार्ड नव्हते. १९८० सालच्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात वेस्ट हॅमचा पॉल ॲलन हा १७ वर्षांचा पोरगा शेवटच्या मिनिटांत चेंडू घेऊन एकटाच आर्सेनलच्या गोलकडे निघाला. पुढे फक्त गोलरक्षक होता. आर्सेनलच्या विली यंगने मागून त्याच्या पायात पाय घालून त्याला शांतपणे आडवे केले. पंचाने फ्री किक आणि पिवळे कार्ड दिले. नियमात त्याहून अधिक काही नव्हतेच. वेस्ट हॅमने सामना जिंकला होता, तरी सारे इंग्लंड हळहळले. अंतिम सामन्यात गोल करण्याचे स्वप्न त्या पोराकडून कोणीतरी थंड डोक्याने हिसकावून घेतले होते. अशा फाऊलला इंग्रजांनी 'व्यावसायिक' म्हणावे, यातच त्यांचा त्या व्यवसायाबद्दलचा अभिप्राय आला.

यानंतर इंग्लिश लीगने पंचांना कडक सूचना दिल्या, आणि १९८५ च्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडच्या केव्हिन मोरनला अशाच फाऊलसाठी बाहेर जावे लागले. एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात हाकलला गेलेला तो पहिला खेळाडू. १९९० च्या सुमारास जागतिक संघटनेनेही हेच धोरण उचलले. तेव्हापासून लाल कार्डाची दोन कुळे झाली. पहिले कुळ अंगाचे, दुसरे गोलचे.

पहिल्या कुळात पंचाने तीन पायऱ्या पाहायच्या असतात. खेळाडू नुसता निष्काळजी असेल तर फाऊल पुरे. बेदरकार असेल, समोरच्याला धोका आहे याची पर्वाच केली नसेल, तर पिवळे. आणि गरजेपेक्षा फार जास्त जोर वापरून दुसऱ्याचे हातपाय धोक्यात घातले तर लाल. 'मुद्दाम केले का?' हा प्रश्न यात कुठेही नाही. बाकावरचे प्रेक्षक मात्र नव्वद मिनिटे तोच प्रश्न ओरडून विचारीत असतात. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने पाहिलेल्यांना हे सांगायला नको. आपल्या पेठेचा गडी पडला की लाल कार्ड, समोरचा पडला की नाटक! अर्थात नाटकेही होतात. २००२ साली तुर्कस्तानच्या खेळाडूने रागाने मारलेला चेंडू मांडीला लागला असता ब्राझीलचा रिव्हाल्डो तोंड धरून लोळला, आणि तुर्की खेळाडू दुसऱ्या पिवळ्या कार्डामुळे बाहेर गेला. रिव्हाल्डोला नंतर दंड झाला, पण निकाल थोडाच बदलणार होता?

हेतू पाहायचा नाही, मग इजा पाहायची का? याचे उत्तर ३ नोव्हेंबर २०१९ ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर मिळाले. टॉटनहॅमचा कोरियन खेळाडू सोन ह्युंग-मिन याने एव्हर्टनच्या आंद्रे गोमेशला मागून पाडले. फाऊल साधाच होता. पंच मार्टिन ॲटकिन्सन पिवळे कार्ड काढण्याच्या बेतात होते. पण पडता पडता गोमेश दुसऱ्या एका खेळाडूवर आदळला आणि त्याचा घोटा भयंकर रीतीने वाकडा झाला. सोनने तो पाय पाहिला आणि दोन्ही हातांनी डोके धरून तो रडू लागला. पंचाने पिवळे कार्ड फिरवून लाल केले. दोन दिवसांत फुटबॉल असोसिएशनने ते रद्द ठरवले. सोनने जे केले ते पिवळ्याच्या लायकीचे होते, पुढे जे घडले ते दुर्दैव होते. तुटलेला पाय समोर असताना हा हिशेब कोरडा वाटतो, पण मला तो बरोबर वाटतो. गल्लीत बेफाम गाडी हाकणाऱ्याच्या वाटेत सुदैवाने कोणी आले नाही, म्हणून त्याला सोडून देऊ नये. आणि सावकाश जाणाऱ्याच्या चाकाखाली कोणी घसरून आले, म्हणून त्याला खुनीही ठरवू नये.

याच्या उलट टोकाला सेव्हिल आहे. ८ जुलै १९८२, फ्रान्स विरुद्ध पश्चिम जर्मनी, विश्वचषकाची उपान्त्य फेरी. फ्रान्सचा पात्रिक बातिस्तों बदली खेळाडू म्हणून येऊन दहाएक मिनिटे झाली होती. प्लातिनीच्या पासवर तो एकटा पुढे निघाला आणि त्याने चेंडू मारला. चेंडू गोलच्या बाजूने बाहेर गेला. गोलरक्षक हराल्ड शुमाखर मात्र थांबला नाही. तो धावत आला, उडी मारून अंग वळवले आणि बातिस्तोंच्या तोंडावर आदळला. बातिस्तों जागीच बेशुद्ध पडला. त्याचे दात तुटले, मणक्याला इजा झाली. आपला मित्र मेला असेच आपल्याला वाटले, असे प्लातिनीने नंतर सांगितले. स्ट्रेचर येईपर्यंत शुमाखर कमरेवर हात ठेवून गोल किक मारायची वाट पाहत उभा होता. डच पंच कॉर्व्हर यांनी कार्ड तर सोडाच, फाऊलही दिला नाही. सामना ३-३ असा संपला, पेनल्ट्यांमध्ये शुमाखरने दोन फटके अडवले आणि जर्मनी अंतिम फेरीत गेली. दात तुटल्याचे कळल्यावर, कवळीचा खर्च मी देतो, असे तो म्हणाला. पुढे त्याने माफी मागितली आणि बातिस्तोंने ती स्वीकारली, हे त्या माणसाचे मोठेपण. पण आजही लाल कार्डाचा वाद रंगला की जुने शौकीन शेवटी सेव्हिलवर येतात. तिथे कोणाचे दुमत नसते.

दुमत होते ते दुसऱ्या कुळाबद्दल. गोल चोरणाऱ्याला बाहेर काढून चोरीचा माल मालकाला परत मिळतो का? जानेवारी २०२० मध्ये स्पॅनिश सुपर चषकाच्या अंतिम सामन्यात जादा वेळ संपत आली असता ॲटलेटिकोचा मोराता एकटाच गोलकडे निघाला. रेआल माद्रिदच्या व्हाल्व्हर्देने मागून त्याचे पाय उडवले, लाल कार्ड घेतले आणि तो बाहेर गेला. बाहेर जाताना ॲटलेटिकोचे प्रशिक्षक सिमेओने यांनीच त्याच्या डोक्यावर टपली मारून त्याला धीर दिला. माद्रिद पेनल्ट्यांवर जिंकली, आणि सामनावीर म्हणून व्हाल्व्हर्देचीच निवड झाली! लाल कार्ड ही शिक्षा आहे की किंमत? किंमत असेल, तर ती मोजायला तयार असलेले गिऱ्हाईक शेवटच्या मिनिटाला नेहमीच सापडणार.

रग्बीत यावर उपाय आहे. नियमभंग झाला नसता तर ट्राय झालाच असता असे पंचाला वाटले, तर तो सरळ पेनल्टी ट्राय देतो. गुण आधी, शिक्षा नंतर. फुटबॉलमध्ये असा गोल देता येत नाही. देऊ नये म्हणणारे म्हणतात, पंच काय ज्योतिषी आहे? मोराता उरलेले वीस-पंचवीस यार्ड धावून गोल करणारच होता, हे कोण सांगणार? हे मला मान्य आहे. पण गोलरेषेवर, जाळ्यात शिरणारा चेंडू हाताने अडवला तर त्यात ज्योतिष कुठे येते? तिथे गोल द्यावा आणि विषय संपवावा. मग सुआरेझला लाल कार्ड दाखवले काय आणि पिवळे दाखवले काय, मला फारसे सोयरसुतक नाही. लाल कार्ड मुख्यतः अंगासाठी राखून ठेवावे, असे माझे मत आहे. २०१६ पासून नियमकर्त्यांनी त्या दिशेने अर्धे पाऊल टाकलेही: पेनल्टी क्षेत्रात चेंडू खेळण्याचा प्रामाणिक प्रयत्न करताना फाऊल झाला आणि पेनल्टी दिली गेली, तर आता पिवळ्यावर भागते. जाणूनबुजून हाताने गोल अडवणाऱ्याला ही सवलत नाही.

दूरचित्रवाणीच्या साहाय्याने निर्णय तपासण्याची सोय विश्वचषकात २०१८ पासून आली, म्हणून वाद मिटेल असे अनेकांना वाटले होते. पण संथ गतीने पाहिले तर कुठलाही फाऊल खुनी हल्ला वाटतो. म्हणूनच बूट कुठे लागला एवढे संथ गतीने पाहावे, जोर किती होता हे मात्र नेहमीच्या वेगाने पाहावे, अशी सूचना पंचांना द्यावी लागली. घरी बसलेल्यांना अशी सूचना कोण देणार!

२ डिसेंबर २०२२ ला कतारमध्ये घाना आणि उरुग्वे पुन्हा समोरासमोर आले. आदल्या दिवशी पत्रकारांनी सुआरेझला विचारले, माफी मागणार का? तो म्हणाला, नाही. मी कोणाला जायबंदी करून लाल कार्ड घेतले असते तर कदाचित मागितली असती. पण मी चेंडू हाताने अडवला, त्याची शिक्षा भोगली, पेनल्टी घानाच्या खेळाडूने चुकवली. चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या त्या बाईचेच म्हणणे, पण चोराच्या तोंडी.

त्या सामन्यातही घानाला पेनल्टी मिळाली आणि ती उरुग्वेच्या गोलरक्षकाने अडवली. उरुग्वे २-० ने जिंकली. पण तिकडे दुसऱ्या मैदानावर दक्षिण कोरियाने अखेरच्या क्षणी पोर्तुगालवर गोल केला आणि त्या एका गोलमुळे उरुग्वेही स्पर्धेबाहेर गेली. सुआरेझला तोवर बदलून बाकावर बसवले होते. त्याने जर्सी वर ओढून तोंड झाकले आणि तो रडू लागला. घानाचे प्रेक्षक, आपला संघ हरून बाहेर गेलेला असतानाही, आनंदाने नाचत होते.