‘काही करत नाही हो तो!’

वरळीतली एक इमारत, फेब्रुवारी 2018. लिफ्टमध्ये दीड वर्षाच्या मुलासह वडील उभे होते. मूल कुत्र्यांना घाबरतं, जरा थांबा, असं त्यांनी दाराशी आलेल्या शेजाऱ्याला सांगितलं. शेजाऱ्याने आपल्या हस्की कुत्र्याला ओढतच आत आणलं आणि कुत्रा वडिलांच्या हाताला चावला. 2025 मध्ये न्यायालयाने मालकाला 4 महिन्यांची शिक्षा सुनावली. सीसीटीव्हीत ती ओढाताण दिसत होती.

हस्कीला तरी लिफ्टमध्ये यायचं कुठे होतं?

पिल्लाचे साधारण 3 ते 14 आठवडे जग ओळखण्याचे असतात. तेव्हा लिफ्ट, काठी टेकणारे आजोबा, इतर कुत्री यांची सवय लागली नाही, तर पुढे भीती गुरगुरण्यातून बाहेर पडते. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाचा मालक मोबाइलमध्ये गढलेला असतो, ते वेगळंच.

असा कुत्रा समोर आला तर पळू नये, रोखून पाहू नये. लांबूनच मालकाला सांगावं, “पट्टा आखूड धरा.” आपला कुत्रा सोबत असेल, तर “याला खरूज झालीय” हे वाक्य फार गुणकारी. (थाप आहे, पण मालक लगेच पट्टा ओढतो.)

वारंवार घडलं तर सोसायटीकडे लेखी तक्रार करावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार प्राण्याबाबतच्या हलगर्जीपणाला 6 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चावलाच, तर हळद-चुना न लावता जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.