वडिलांची रोजकीर्द

वार्धक्यातले परावलंबन एखाद्या दिवशी मोरीत पाय घसरून, मांडीचे हाड मोडून, रुग्णालयाच्या वाटेनेच घरात येते, असा समज आपल्याकडे सार्वत्रिक आहे. आणि म्हणूनच आईवडील हिंडतेफिरते आहेत, आपल्या हाताने जेवतात, आल्यागेल्याची विचारपूस करतात, एवढे पाहून परगावी राहणारी मुले निश्चिंत होतात. वस्तुतः शक्ती ओसरते ती निराळ्याच क्रमाने. जेवणे, उठणेबसणे, स्नान, वस्त्रे नेसणे ही बालपणी शिकलेली कामे बहुधा सर्वांत शेवटी सुटतात, आणि ज्यांना अंगबळापेक्षा स्मरण, क्रम व विवेक अधिक लागतो अशी पैशांच्या हिशेबाची, औषधांची, बाजारहाटाची, स्वयंपाकाची कामे त्यांच्या पुष्कळ आधी डळमळू लागतात. अमेरिकेत सिडनी कॅट्झ यांनी १९६३ साली पहिल्या प्रकारच्या सहा कृत्यांची, आणि लॉटन व ब्रॉडी यांनी १९६९ साली दुसऱ्या प्रकारच्या आठ कृत्यांची मोजणी सिद्ध केली. वृद्धांची तपासणी करणारे डॉक्टर आजही त्यांचाच आधार घेतात. मला हा क्रम प्रथम दिसला तो वाईच्या घरी, वडिलांच्या रोजकीर्दीत.

अण्णा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि आई गेल्यावर वाईच्या घरी एकटेच राहू लागले. उभा जन्म कचेरीची दप्तरे राखण्यात गेल्यामुळे घरचा जमाखर्चही ते त्याच शिस्तीने लिहीत: डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, आरंभीची शिल्लक, अखेरची शिल्लक, आणि रात्री निजण्यापूर्वी त्या शिलकेची कपाटातल्या रोकडीशी रुजवात. 'किरकोळ' या सदराचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. ज्या खर्चाला नाव देता येत नाही तो खर्च करूच नये, असे ते आम्हां मुलांना बजावीत. त्याच वहीत एका दिवाळीला मी किरकोळीखाली चाळीस रुपये पाहिले, पुढच्या पानावर एकशे दहा, आणि त्यापुढे तर जवळजवळ रोजच एक गोल आकडा, ज्याच्यावाचून अखेरची शिल्लक जुळलीच नसती. दुधाचे पैसे एकाच महिन्यात दोनदा दिल्याची नोंद होती. रोजच्या रोज वेगळ्या शाईने, वेगळ्या दाबाने उमटणारे अक्षर आता आठ-आठ दिवस सलग एकाच हाताने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे दिसत होते. म्हणजे नोंदी त्या त्या दिवशी होत नव्हत्या, आठवून आठवून भरल्या जात होत्या. त्या पानांवरून माझी नजर किती तरी वेळ हलेना. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढल्या, त्याला आपली चूक कळली नसेल हे संभवत नाही. ती त्यांना कळली होती, आणि ती एकट्याने सावरण्याची पराकाष्ठा ते करीत होते.

वही वाचल्यावर घर निराळे दिसू लागले. दोन कढयांचे बूड काळेठिक्कर करपले होते, आणि करपल्याचा वास त्यांना आला नव्हता. वयोमानाने घ्राणशक्ती मंदावते, आणि मग नासलेले दूध व उघडा राहिलेला गॅस हे दोन्ही समजण्याचे साधनच उरत नाही. मटकीच्या डब्यात भुंगे झाले होते, कारण मटकी भिजत घालून, मोड आणून उसळ करणे हे दोन दिवसांचे, आखून करावयाचे काम त्यांनी केव्हाच सोडून दिले होते आणि दोन्ही वेळा दूधभातावर भागत होते. सदऱ्याची गळपट्टी मानेभोवती सैल झाली होती. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटावर औषधवाल्याने तारीख घातली होती; त्या तारखेपासून रोज एक याप्रमाणे जितक्या गोळ्या संपायला हव्या होत्या त्याहून अधिक संपल्या होत्या. सकाळची गोळी घेतल्याचे विसरून दुपारी पुन्हा घेतली जात असावी, आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते असे ते म्हणत त्याचा उलगडा मला तिथे झाला. माजघरातून मोरीकडे जाणाऱ्या भिंतीवर, कमरेच्या थोड्या वर, तळहाताच्या डागांची एक मळकट रांग उमटली होती. चालताना त्यांना आधार लागतो, हे त्यांच्या तोंडून कधी ऐकायला मिळाले नसते. भिंतीने ते सांगितले. खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जाऊन, वळून, परत येऊन बसावयाला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागत असतील तर पडण्याचा धोका मानावा, अशी एक साधी कसोटी आहे. अण्णांना वळतानाच इतकी लहान लहान पावले टाकावी लागत की घड्याळ पाहण्याची गरज राहिली नाही.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. असे काही दिसले की घरची मंडळी 'वय झालं' म्हणून सोडून देतात, नाहीतर स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारून मोकळी होतात. दोन्ही सारखेच अन्यायाचे. बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडची मंदगती, लघवी वाढवणाऱ्या औषधांनी घटलेले सोडियम, मूत्रमार्गातला संसर्ग, ऐकू न येणे, पिकलेला मोतीबिंदू, खिन्नता, यांपैकी कशानेही वृद्ध माणूस गोंधळतो, आणि यांतल्या बहुतेकांवर उपाय आहे. घरातली सगळी औषधे, आयुर्वेदिक चूर्णांसकट, पिशवीत घालून मी अण्णांना डॉक्टरांकडे नेले. बी-१२ कमी निघाले, गोळ्यांची फेरतजवीज झाली, अंधारी थांबली. स्मरण पूर्ववत झाले नाही.

त्याहून अवघड होते ते बोलणे. 'तुम्हाला आता झेपत नाही' या वाक्याने कोणाही स्वाभिमानी माणसाचे मन मिटते, आणि मुलाबाळांनी घराचा पंचनामा चालवल्यासारखे वागू नये, हे मला फार वाटते. मी एवढेच विचारले, "अण्णा, या महिन्याची वही आपण दोघं मिळून लावू या का? तुम्ही नोंदी सांगा, बेरीज मी धरते." त्यांनी चष्मा काढून पुसला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "धर. हातचा घ्यायचा राहतो गं हल्ली." कबुली एवढीच, आणि तेवढी पुरेशी होती.

मदत आणायची ती जे काम सुटले आहे त्याच कामापुरती. शेजारच्या वहिनींच्या ओळखीने एक बाई सकाळी दोन तास येऊ लागल्या. त्या भाजी-भाकरी करतात आणि वारांच्या खणांच्या डबीतली त्या दिवशीची गोळी समोर देतात. मोरीत भिंतीला दांडी बसवली, वाटेवर रात्रीचा दिवा लावला, सरकणारे पायपुसणे काढून टाकले. वही मात्र अण्णांकडेच ठेवली. लिहितात ते, रविवारी फोनवर रुजवात मी करते. भाजी निवडणे आणि फुले आणणे कोणी त्यांच्या हातून काढून घेतलेले नाही. जे काम होते आहे तेही मायेपोटी काढून घेतले तर उरलेली शक्तीही लवकर जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

२००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांइतकीच मुलींवरही टाकली आहे; त्यात अन्न, वस्त्र, निवास, औषधोपचार यांचा उल्लेख आहे. करपलेली कढई पाहण्याचे काम मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे आहे. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला देतात, आणि दिवाळीही बहुधा त्याच सुमारास येते. तेव्हा घरी जाल तर फराळ झाल्यावर अर्धा तास स्वयंपाकघरात, औषधांपाशी आणि हिशेबाच्या कागदांपाशी घालवा, आणि मोरीपर्यंतची भिंत एकदा पाहा. कोणाला विचारावे हेच सुचत नसेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक देशभर उपलब्ध आहे.