हवाई दलात पायलट व्हायचंय? मग आधी अकरावीचा ग्रुप बघा

दहावीचा निकाल लागला की लातूर आणि नांदेडच्या क्लासेसमध्ये चौकशीला गर्दी होते. अनेकांचं आधीच ठरलेलं असतं: नीट द्यायची, म्हणून पीसीबी घ्यायचं. गणित सुटलं, डोक्याचा ताप गेला! पण गणितासोबत आणखी एक दार बंद होतं. ते म्हणजे हवाई दलाचा पायलट होण्याचं.

हे दार आपल्यासाठी नाही, असं समजू नका. २०२१ ते २०२४ या काळात हवाई दलप्रमुख असलेले एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी मूळचे नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे. एनडीएतून शिकून ते डिसेंबर १९८२ मध्ये फायटर पायलट झाले. निवृत्त झाले तेव्हा सेवेची जवळपास ४२ वर्षं पूर्ण होत आली होती.

प्रवेश कसा मिळतो?

मुख्य रस्ते दोन.

• एनडीए: वय साडेसोळा ते साडेएकोणीस. बारावीला फिजिक्स आणि गणित हवंच. यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते. २०२२ पासून मुलींनाही प्रवेश मिळतो.

• एफकॅट: पदवीनंतरची परीक्षा, मुलं-मुली दोघांसाठी. फ्लाइंग ब्रँचसाठी वय २० ते २४. पदवी कुठलीही चालते, पण बारावीला फिजिक्स-गणित असावं लागतं आणि पदवीला ६० टक्के लागतात.

याशिवाय पदवीधरांसाठी सीडीएस आणि एनसीसीच्या एअर विंगचं 'सी' सर्टिफिकेट असणाऱ्यांसाठी वेगळी एंट्री आहे.

म्हणून डॉक्टरकीचा विचार असला तरी पायलटचं स्वप्नही मनात असेल, तर पीसीएमबी घ्या. दोन्ही वाटा उघड्या राहतात.

एकदाच मिळणारी संधी

लेखी परीक्षेनंतर मुलाखतीचा टप्पा असतो आणि त्यातच पायलटची खास चाचणी होते. मशीनसमोर बसवून हात, डोळे आणि डोकं एकाच वेळी किती नीट चालतं, हे तपासलं जातं. तिला सीपीएसएस म्हणतात. यात नापास झालात, तर आयुष्यात पुन्हा ही चाचणी देता येत नाही. हवाई दलाच्या इतर शाखा खुल्या राहतात, पण पायलटची जागा गेली ती गेलीच.

मेडिकलही कडक असतं. उंची किमान १६२.५ सेंटीमीटर लागते आणि रंग नीट ओळखता यावे लागतात. डोळे आधीच तपासून घेतलेले बरे.

ट्रेनिंग कुठे होतं?

एनडीएवाले आधी तीन वर्षं पुण्याजवळ खडकवासल्याला असतात. मग सगळ्यांना हैदराबादजवळच्या दुंडीगलच्या एअर फोर्स अकॅडमीत जावं लागतं. तिथे साधारण दीड वर्ष. पहिली उड्डाणं पिलाटस विमानावर होतात. नंतर फायटर, ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टर अशी विभागणी होते. फायटरवाले पुढे बिदरला हॉक जेटवर शिकतात. बिदर म्हणजे उदगीरच्या पलीकडचाच जिल्हा!

खर्च सरकार करतं. शिवाय ट्रेनिंगच्या शेवटच्या वर्षात महिन्याला ५६,१०० रुपये स्टायपेंड मिळतो. मात्र या काळात लग्न करता येत नाही.

किती वर्षं बांधील राहायचं?

इथे बरेच जण गोंधळतात.

एफकॅटमधून फ्लाइंग ब्रँचला गेलात तर शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळतं. ते १४ वर्षांचं असतं आणि वाढवून मिळत नाही. ग्रॅच्युइटी मिळते, पण पेन्शन नाही. म्हणजे पस्तिशी-चाळिशीत पुढचं करिअर नव्याने उभं करायचं.

एनडीएतून पर्मनंट कमिशन मिळतं. तिथे पेन्शनसाठी किमान २० वर्षं सेवा लागते आणि मधेच बाहेर पडायचं तर परवानगी घ्यावी लागते.

ट्रेनिंग अर्धवट सोडलं तर?

बाँड असतो. स्वतःच्या मर्जीने ट्रेनिंग सोडलं, तर झालेला खर्च परत मागितला जातो. एनडीएच्या वेळी त्या कागदावर पालकांचीही सही असते. त्यामुळे सही करण्याआधी आई-वडिलांनी तो नीट वाचावा.

तयारी कुठे करायची?

छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे. दहावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन मुलांना तिथे एनडीएची तयारी करता येते. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला आहे.

घरात कुणी यंदा दहावीला असेल, तर ग्रुप ठरवण्याआधी ही माहिती त्यांना नक्की पाठवा.